रेघ कोणाच्या हातात?

(यवतमाळ येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका चित्रकला शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते, म्हणून आज मी चित्राबद्दलच बोलणार आहे. चौकटीत बसवून भिंतीवर टांगायचं चित्र मात्र माझ्या डोळ्यांसमोर नाही. अनेकांनी मिळून, एका जागी, एकमेकांच्या देखत काढलेलं चित्र हा माझा विषय आहे. अशा चित्रात काढणारे आणि बघणारे वेगळे राहत नाहीत. काढायला सुरुवात झाल्यापासून ते संपेपर्यंतचा सगळा वेळ, त्यातली बोलणी, भांडणं, खोडाखोड, गाणी, हीच कलाकृती असते. मागे उरलेलं चित्र पुष्कळदा त्याच दिवशी झाडून टाकतात. कलासमीक्षक याला सहभागी सादरीकरण म्हणतात. नाव नवं असलं तरी ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला परकी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं त्यावर घासून बघता येईल. सामूहिक चित्राला किती माणसं जमली, किती फूट लांबीचं चित्र झालं, यावर त्याची किंमत ठरू नये. रेघ कोणी ओढली आणि ओढलेली रेघ पुसायचा अधिकार कोणाला होता, एवढंच विचारावं.

आपण शाळेत चित्र शिकतो ते एकट्यानं. मी कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात माझं आयुष्य गेलं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांच्या हाती रंगपेटी दिली, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण चित्र म्हणजे ज्याचं त्याचं काम, शेजारच्याच्या कागदाकडे बघितलं तर ती नक्कल, हा संस्कारही तिथेच पक्का होतो. या परीक्षांना बसणाऱ्या मुलीच आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायच्या, तेव्हा हत्ती कोणी काढला हे कोणी विचारत नसे. हत्तीला डोळा एकीनं काढला, झूल दुसरीनं भरली, गाणं तिसरीनं उचललं. त्याला कोणी चित्रकला म्हटलं नाही आणि गुणही दिले नाहीत.

महाराष्ट्रात या प्रकारचं सर्वांत थोर उदाहरण म्हणजे वारल्यांचा लग्नाचा चौक. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या पाड्यांवर लग्नघरातली भिंत शेणामातीनं सारवतात, तिला गेरूचा हात देतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करतात आणि सवाशिणी चौक लिहायला बसतात. मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गात असते आणि तिच्या गाण्याबरोबर चौक भरत जातो. लग्न लागलं की चौकाचं काम संपलं. पुढचं सारवण येतं तेव्हा तो त्याखाली जातो, आणि त्याबद्दल कोणाला हळहळ वाटत नाही, कारण पुढच्या लग्नात तो पुन्हा लिहायचाच असतो.

१९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात गेले आणि भिंतीवरचं हे काम कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर जे केलं त्याला तोड नाही. जाळं फेकणारा कोळी, मुंग्यांची वारूळं, तारप्याभोवतीचा वळसा, हे सगळं त्यांनी स्वतःच्या नजरेनं मांडलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मोठेपणाबद्दल मला काडीची शंका नाही. वारली पोरांना या कागदानं पोटापाण्याचा आधार दिला, तोही लहान नाही. तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. भिंतीवरून कागदावर येताना बायका मागे पडल्या आणि धवलेरीचं गाणं तर कागदावर आलंच नाही. चित्र वाचलं, सादरीकरण गेलं. आज ठाण्या-पुण्याच्या सोसायट्यांच्या जिन्यात जी वारली नक्षी दिसते, तिच्यात तारपा आहे, पण ती काढताना कोणी गायलं असेल असं वाटत नाही.

एक मात्र सांगितलं पाहिजे. चौक लिहिण्याचा मान सवाशिणीचा. म्हणजे जिचा नवरा गेला तिचा हात त्या भिंतीला लागायचा नाही. परंपरेतलं चित्र सामूहिक असतं म्हणून ते सगळ्यांचं असतं, असं समजून भारावून जायचं कारण नाही. तिथेही काडी कोणाच्या हातात द्यायची आणि कोणाच्या नाही, हे ठरलेलं होतं.

इकडे चौक कागदावर येऊन त्याखाली एकाची सही येत होती, त्याच्याच आगेमागे पश्चिमेकडचे चित्रकार आपली सही मागे घेत होते. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ॲलन कॅप्रो यांनी आलेल्या प्रेक्षकांनाच घटनेचा भाग केलं आणि ‘हॅपनिंग’ हा शब्द रूढ झाला. सोल लेविट यांनी १९६८ पासून भिंतीवर रेखाचित्रं केली आणि पुढे त्यांच्या फक्त सूचना लिहिल्या. रेघा दुसऱ्यांनी ओढायच्या. जर्मनीत योझेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरात ७००० ओकची झाडं लावायला घेतली आणि त्याला सामाजिक शिल्प म्हटलं. ते काम १९८७ मध्ये पुरं झालं तेव्हा बॉइस हयात नव्हते. अलीकडचं एक उदाहरण मुलांना फार आवडतं. स्लोव्हाकियाचे रोमान ओन्दाक यांनी २००७ मध्ये एक कोरी खोली घेतली. येणाऱ्या प्रत्येकाला भिंतीशी उभं करायचं, उंचीवर खूण करायची, नाव आणि तारीख लिहायची. काही आठवड्यांत नावांचा काळा पट्टा खोलीभर फिरला. देखणं काम आहे. पण त्या खोलीत पेन असतं संग्रहालयाच्या सेवकाच्या हातात. प्रेक्षक नुसता मोजला जातो. लेविटच्या भिंतीवरही रेघ दुसऱ्याची असली तरी निर्णय लेविटचाच. या दोघांनी हे लपवलं नाही, म्हणून त्यांना दोष देत नाही. मात्र यात सहभाग किती, हे आपण ओळखून असावं.

आता ज्या कामापाशी मला जास्त थांबायचं आहे ते सांगतो. २१ सप्टेंबर १९८३, अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स. देशात लष्करी राजवट होती. सात वर्षांत लष्करानं उचलून नेलेली माणसं परत आली नव्हती. मानवी हक्क संघटनांच्या अंदाजानं त्यांची संख्या ३०,००० होती. त्यांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर गुरुवारी प्लासा दे मायो या चौकात फेऱ्या घालत. रोदोल्फो आगेरेबेरी, हुलिओ फ्लोरेस आणि गिलेर्मो केक्सेल या तीन चित्रकारांनी या आयांपुढे एक कल्पना ठेवली. नाहीसं झालेलं प्रत्येक माणूस कागदावर पुरुषभर उंचीच्या रिकाम्या आकृतीनं उभं करायचं.

त्या दिवशी चौक म्हणजे उघडी चित्रशाळा झाली. कागदाच्या गुंडाळ्या जमिनीवर पसरल्या. रस्त्यानं जाणारं माणूस थांबायचं, कागदावर आडवं व्हायचं, दुसरं कोणी त्याच्या अंगाभोवती रेघ फिरवायचं. उठलं की कागदावर रिकामी आकृती राहायची. जो परत आला नव्हता त्याच्या जागी एका अनोळखी जिवंत माणसानं काही क्षण आपलं अंग दिलेलं असायचं. मग ती आकृती उचलून भिंतीवर, झाडांवर, खांबांवर डकवायची.

चित्रकारांची मूळ कल्पना आणि प्रत्यक्ष झालेलं काम यात फरक पडला, आणि माझ्या मते सगळं मोल त्या फरकात आहे. आयांनी सांगितलं, आकृत्या जमिनीवर पडलेल्या ठेवायच्या नाहीत, उभ्याच लावायच्या. आडवी आकृती म्हणजे मेलेलं माणूस, आणि आमची मुलं मेली असं आम्ही मान्य केलेलं नाही. उचलून नेलेल्यांत गरोदर बाया होत्या, लेकरं होती; म्हणून तशा आकृत्या हव्यात, अशी मागणी आली. आकृत्या निनावी ठेवायच्या असं ठरलं होतं, पण लोकांनी आपणहोऊन त्यांवर नावं आणि तारखा लिहायला सुरुवात केली. कल्पना तिघांची होती. संध्याकाळपर्यंत ती त्यांची राहिली नाही, आणि त्यांनी ती धरूनही ठेवली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी राजवट गेली. चित्रामुळे गेली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या माणसांचं अस्तित्वच सरकार नाकारत होतं ती त्या रात्री शहराच्या भिंतींवर उभी होती.

आता आपल्याकडे येऊ.

पोळ्याला आपण सण म्हणतो, आणि तो सण आहेच. पण चित्रकाराच्या नजरेनं बघा. श्रावणी अमावस्येला अख्खं गाव एकाच दिवशी, एकाच वेळी चित्र काढायला बसतं, आणि ते चित्र संध्याकाळी चालत आखरावर येतं. आदल्या दिवशी खांदशेकणी झालेली असते. सकाळी बैल नाल्यावर धुऊन आणतात. शिंगं घासून रंगवतात. मग अंगावर गेरू. कोणी वाटीची कड रंगात बुडवून गोल उठवतो, कोणी काडीला चिंधी गुंडाळून ठिपके देतो, लेकरं हाताचे पंजे उमटवतात. बैल शेपटी झाडतो, अंग थरथरवतो, आणि नक्षी हलते. कागदासारखा तो निमूट राहत नाही, म्हणून त्याला ओळखणाराच माणूस हवा. वर्षभर त्याच्यामागे वखर-डवरा धरणारा सालदार बैलाच्या मानेपाशी बसून रंगवतो, तेव्हा जनावर त्याच्या मालकीचं नसलं तरी नक्षी त्याची असते. मग झूल, बाशिंग, मठाट्या, घुंगरू. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या सुरू होतात, गावाचं कौतुक आणि गावाची उणीदुणी एकाच दमात म्हटली जातात, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो.

गेल्या काही वर्षांत विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पाठीवर कापसाचा भाव, कर्जमाफी, पीकविमा अशा मागण्या लिहिलेल्या दिसू लागल्या. काही जाणत्यांना ते रुचत नाही. सणात राजकारण कशाला, असं ते म्हणतात. मला यात परंपरा मोडलेली दिसत नाही. झडत्यांमध्ये सावकाराला आणि सरकारला बोल लावायची रीत जुनीच आहे. तोंडचे बोल पाठीवर आले एवढंच. मात्र इथेही मानाची जोडी पुढे आणि बाकीच्या मागे हे आहेच, आणि आखरावर बायका कुठे उभ्या असतात हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी मी आजचं व्याख्यान योजलं, त्या गावनकाशाकडे येतो. याला चित्र म्हणायला आपली जीभ वळत नाही, कारण तो सरकारी कामाचा भाग म्हणून गावात आला. कार्यकर्ते त्याला ‘पीआरए’ म्हणतात, कागदोपत्री सहभागीय ग्रामीण मूल्यावलोकन. १९८० च्या दशकाच्या शेवटी कर्नाटकात, गुजरातेत काही संस्थांनी ही पद्धत रुजवली आणि इंग्लंडमधले अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी ती जगभर नेली. त्यांचं सांगणं साधं होतं. बाहेरून आलेल्या माणसानं हातातली काठी गावकऱ्याला द्यावी आणि गप्प बसावं. आपल्या जिल्ह्यात पाणलोटाच्या कामांत आणि २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांत सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, गावाचं नियोजन लोकांसह करायचं ठरलं, त्यामुळे असे नकाशे पुष्कळ गावांनी काढले आहेत.

असा नकाशा कसा उतरतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. मारुतीच्या पारासमोरची जागा झाडून सडा मारतात. साहित्य घरचंच: रांगोळी, विटकर, चुलीतली राख, कोळसा, हळद, सरकी, तुरीचे दाणे, निंबाचा पाला. पहिली रेघ बहुधा तालुक्याहून येणाऱ्या डांबरी सडकेची असते, कारण दिशा तिच्यावरून लागते. मग देऊळ, शाळा, ग्रामपंचायत. इथपर्यंत दोन-चार जणच काढत असतात. सरपंच, पोलीस पाटील, शिकलेली पोरं. बाकीचे उभे राहून बघतात. नाला आला की पहिली हरकत येते. “तो इथून नाही वळत बाप्पा, पांदणीच्या वरून वळते.” काढलेली रेघ पायानं पुसली जाते. ज्यानं हरकत घेतली त्याच्या हाती राखेची मूठ येते, तो खाली बसतो, आणि त्याच्यामागून आणखी चौघं बसतात.

या बसण्याला मी फार महत्त्व देतो. उभा माणूस प्रेक्षक असतो. खाली बसला की त्याचे हात जमिनीला पोचतात.

यानंतर नकाशा कोणा एकाच्या ताब्यात राहत नाही. धुरे, बरड, काळी जमीन, कोणाचं वावर नाल्यानं खरवडलं, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं. पाण्याचा विषय निघाला की कडेला पदर घेऊन उभ्या असलेल्या बायकांशिवाय पुढे सरकता येत नाही. कोणता हातपंप होळीच्या आतच कोरडा पडतो हे त्यांनाच ठाऊक, आणि चिमटीतून रांगोळी सोडायचा सरावही त्यांचाच. इथे साहित्याची करामत आहे. तक्तकागद आणि स्केचपेन दिलं की ते शिकलेल्याच्या हातात जातं आणि तिथेच राहतं. जमीन आणि रांगोळी दिली की अक्षर न येणारी म्हातारीही गावातल्या पदवीधराची चूक दुरुस्त करते. कागदावरची शाई पुसता येत नाही म्हणून माणूस भितो. रांगोळी फुंकरीनं जाते, म्हणून धीर येतो.

नकाशाच्या कडा मात्र नीट बघाव्या लागतात. काढणारे ज्या गल्लीत राहतात ती गल्ली ऐसपैस होते, आणि पारध्यांचा बेडा एका ठिपक्यात आटोपतो. बेड्यावरचं माणूस पुढे येऊन त्या ठिपक्यापाशी एकेक तुरीचा दाणा ठेवत आपली घरं मांडू लागलं, आणि त्याला कोणी अडवलं नाही, तर त्या दिवशी त्या गावात काहीतरी घडलं असं मी समजेन. त्याला अडवलं, तर तो नकाशा कितीही रेखीव असो, त्याची सामूहिक म्हणून किंमत शून्य.

पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तर या चित्राचं मोल आणखी वाढतं. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. कोलामांची बोली द्राविडी कुळातली आहे. साहेबाची मराठी पोडावरच्या आजीला परकी, आणि तिची कोलामी साहेबाला. जमिनीवर काढलेल्या रानाला दोन्ही भाषांची गरज नाही. मोहाची झाडं कुठे, तेंदूपत्ता कुठल्या बाजूला, देवाची जागा कोणती, गुरं कुठवर जातात, हे ती काड्यांनी आणि पानांनी मांडू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनहक्क आहेत आणि अशा आदिम समूहांच्या अधिवासाचा हक्कही आहे. त्या हक्काच्या दाव्याला हद्द लागते, आणि हद्द पोडावरच्या माणसांनाच माहीत असते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. जमिनीवरच्या रेघेला कायद्याचं बळ मिळू शकतं, हे त्यावरून समजावं.

मला विचारतील, याला कला कशी म्हणायची? हे तर नियोजन झालं. मी उलट विचारतो, कशात कमी आहे? आठवणीतून काढलेलं चित्र आहे. परीक्षेच्या भाषेत अख्ख्या गावाचं स्मरणचित्र. रंग आहेत, आकार आहेत, लहान-मोठ्याची निवड आहे. प्रेक्षकांसमोर होतं आणि प्रेक्षकच ते करतात. संध्याकाळी पुसलं जातं. ब्युनोस आयर्सच्या चौकात जे घडलं ते कला असेल, तर पारासमोर घडतं तेही कला आहे. नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या कलावंतांबरोबर आणि रहिवाशांबरोबर हातपंपांभोवतीची जागा नव्यानं घडवली, ते ‘नळपार’ आज कलेच्या पुस्तकांत आहेत. हातपंप आपल्याकडेही आहेत.

या पद्धतीची झीज झाली आहे, हे कबूल करायला हवं. २००१ मध्ये बिल कुक आणि उमा कोठारी यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथानं सहभाग हीच नवी जुलूमशाही होऊ पाहते आहे का, असा प्रश्न जगापुढे ठेवला. तो प्रश्न आपल्याकडेही लागू पडतो. नकाशा सकाळी घाईनं उरकायचा, फोटो काढायचा, अहवालात चिकटवायचा. आराखडा तालुक्याला आधीच तयार असतो. फोटोपुरतं बोलावलेल्या बाईनं रांगोळी धरलेली असते, पण तिची रेघ पुढच्या कुठल्याच कागदावर जात नाही. शाळांतही हेच होतं. भिंत रंगवायची म्हणजे एकानं बाह्यरेषा आखून द्यायची आणि मुलांनी आतलं भरायचं. विक्रमासाठी काढलेल्या मैदानभर रांगोळ्यांत शेकडो मुली उन्हात बसून आखून दिलेल्या चौकोनात सांगितलेला रंग टाकतात. आपण काय काढलं ते त्यांना ड्रोनच्या फोटोत दिसतं. मुलींचे कष्ट खरे असतात, म्हणूनच वाईट वाटतं. त्यांतल्या एकीलाही एक रेघ बदलायची मुभा नसते.

खरा सहभाग कसा असतो, तेही आपण पाहिलं आहे. याच यवतमाळ शहरात २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्या आणि त्यांच्यासारख्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बाया श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या, हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. नाटकानं एक पाऊल टाकलं. चित्रकलेनं या जिल्ह्यात अजून ते टाकायचं आहे, आणि ते कसं टाकता येईल याची दोन उत्तरं माझ्याकडे आहेत.

पहिलं फवारणीचं. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली आणि शेकडो रुग्णालयात पडली. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला भिडलेली, फवारा थेट तोंडावर येत होता. त्याची चौकशी झाली, आकडे छापून आले. विष अंगात कुठून शिरलं, डोळे कसे जळले, हात कसे थरथरले, हे मजुराच्या तोंडून कोणी फारसं ऐकलं नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत २००२ मध्ये एचआयव्हीबाधित बायांनी देहनकाशे काढले. एकीनं मोठ्या कागदावर आडवं व्हायचं, दुसरीनं तिच्याभोवती रेघ ओढायची. मग ज्या सोबतिणीनं तिला आजारात धरून ठेवलं तिचीही आकृती मागून सावलीसारखी काढायची. आत तिनं स्वतः रंगवायचं: आजार कुठे आहे, भीती कुठे, बळ कुठे. औषधं सरकारी दवाखान्यात मिळावीत म्हणून तिथं लढा चालू होता, आणि हे देहनकाशे त्या लढ्याबरोबर लोकांपुढे गेले. फवारणी करणाऱ्या माणसानं खताच्या रिकाम्या पोत्यांवर असा देहनकाशा काढावा आणि तो कृषी केंद्राच्या दारात लावावा, यापेक्षा चांगली सूचनापाटी मला सुचत नाही.

दुसरं उत्तर सांगताना मला जपून बोलावं लागेल. १९ मार्च १९८६ या दिवशी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ आयुष्य संपवलं. शेतकरी आत्महत्यांच्या महाराष्ट्रातल्या नोंदीत या घटनेचा उल्लेख पहिली आत्महत्या म्हणून होतो. २०१७ पासून दर १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. उपवासाला बसलेल्या माणसांचे हात त्या दिवशी मोकळे असतात. ब्युनोस आयर्सचं उदाहरण मी इतक्या विस्तारानं सांगितलं ते यासाठी. पण गेलेल्या शेतकऱ्यांच्या आकृत्यांचं असं चित्र व्हायचं असेल तर आकृती कशी असावी, उभी की बसलेली, नाव लिहावं की नाही, मुळात काढावी की नाही, हे ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी ठरवायचं. चित्रकारानं कागद आणि रंग न्यावेत आणि त्यांचं ऐकावं. ती मंडळी नको म्हणाली तर कागद गुंडाळून परत यावं.

शेवटी माझी तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. येत्या २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा होईल. तुमच्या गावच्या ग्रामसभेत विषयपत्रिका वाचायच्या आधी गावाचा नकाशा जमिनीवर काढायची मागणी करा. सुरुवात बेड्यावरच्या, पोडावरच्या, तांड्यावरच्या माणसानं करावी आणि पहिली रेघ बाईच्या हातची असावी. शिक्षकांनी मुलांना आणावं, पण बाह्यरेषा आखून देऊ नये. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की संध्याकाळपर्यंत तो नकाशा कोणी झाडायचा नाही, आणि कागदावर उतरवून घेतला तर त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल आणि सर्वांना दुरुस्त करता येईल अशा उंचीवर लावायची.